आरोपपत्रात नसलेले कागद

आज एका यादीविषयी बोलायचं आहे. एक-दोन पानांची असेल, पण तिच्यावर एखाद्याची जन्मठेप अवलंबून असू शकते.

समजा, एका खुनाच्या तपासात पोलिसांनी दहा जणांचे जबाब घेतले. आरोपपत्राला सातच जोडले. उरलेल्या तिघांतला एक म्हणाला होता, ‘गल्लीत अंधार होता, मला कुणाचा चेहरा दिसला नाही.’ तो जबाब फायलीतच राहिला. आता आरोपीचा वकील उलटतपासात अंधाराचा प्रश्न कशाच्या आधारावर विचारणार?

तुम्ही म्हणाल, अर्ज करून मागावा. मागता येतो, न्यायालय कागद हजर करायला सांगू शकतं. पण जो कागद आहे हेच ठाऊक नाही, तो मागायचा कसा? सगळी गोम इथे आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 230, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 207, आरोपीला एफआयआर, जबाब आणि कागदपत्रांच्या प्रती मोफत द्यायला सांगतं. नव्या संहितेत त्याला 14 दिवसांची मुदतही आहे. पण हे कलम मुख्यतः सरकार पक्ष ज्यांवर विसंबणार आहे, त्या कागदांबद्दल बोलतं. बाजूला ठेवलेल्यांचं काय?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिलं. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने फौजदारी खटल्यांसाठी नमुना नियम मंजूर केले आणि सगळ्या उच्च न्यायालयांना ते सहा महिन्यांत स्वीकारायला सांगितलं. त्यात अशी तरतूद आहे, की तपास अधिकारी ज्यांवर विसंबलेला नाही, असे जबाब, कागद आणि मुद्देमालही यादीत दाखवायचा. प्रती लगेच मिळत नाहीत. यादी पाहून आरोपीने मागणी करायची आणि न्यायाधीशांनी ठरवायचं.

मे 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात हे आणखी ठामपणे आलं. प्रकरण इंदूरचं होतं. 2011 मध्ये तिथे एकाच घरातल्या तीन स्त्रियांची हत्या झाली होती. न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, फाशी मात्र रद्द करून किमान 25 वर्षांची जन्मठेप दिली. त्याच निकालात सांगितलं, की सर्व फौजदारी खटल्यांत सरकार पक्षाने ही यादी द्यावी आणि ती दिली जाते की नाही, हे खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनी पाहावं. लक्षात घ्या, आरोपी सुटले नाहीत. ही यादी गुन्हेगाराला सोडवण्यासाठी नाही. ती शिक्षा योग्य माणसालाच होतेय ना, हे तपासण्यासाठी आहे.

मग खटल्यात राहून गेलं, तर अपिलात मागता येईल का? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोन्नुसामी विरुद्ध तमिळनाडू या प्रकरणात हाच प्रश्न आला. खटला संपून शिक्षा झाली होती आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात होतं. आरोपींनी तेव्हा कागद मागितले. तिन्ही न्यायमूर्तींनी अपील फेटाळलं. अपील न्यायालयाला जादा पुरावा घेण्याचा अधिकार आहे. जुनं कलम 391, आताचं 432. पण तो न्यायालयाच्या मर्जीतला आहे. ते दार अगदीच अरुंद.

आणि विचार करा, अपिलात कागद मिळाला तरी साक्षीदाराची उलटतपासणी होऊन वर्षं लोटलेली असतात. आरोपी बहुधा तुरुंगात असतो. गल्लीत त्या रात्री दिवा होता की नव्हता, हे तेव्हा कुणाला आठवणार?

सरकारी वकील हा काही फिर्यादीचा खासगी वकील नव्हे. आरोपीला शिक्षा मिळवून देणं एवढंच त्याचं काम नाही. खरं काय ते न्यायालयापुढे ठेवणं, हे त्याचं काम आहे. आपल्या बाजूला अडचणीचा कागद असला, तरीही.

म्हणून सांगणं एवढंच. तुमच्या घरातल्या, ओळखीतल्या कुणावर खटला चालणार असेल, तर तो सुरू होतानाच वकिलांना विचारा: न वापरलेल्या कागदांची यादी मागितली का? नसेल, तर लेखी अर्ज करायला सांगा. तुम्ही कोणत्याही राज्यात राहत असलात तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि विचारायची खरी वेळ तीच असते.