अकोल्याच्या डोंगरातली फुलं



अहिल्यानगर जिल्हा म्हटलं की अवर्षण, ज्वारीची रानं आणि पाण्याचे टँकर डोळ्यांपुढं येतात. पण याच जिल्ह्याचं पश्चिम टोक, म्हणजे अकोले तालुका, सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहे. कळसूबाईचं १६४६ मीटर उंच शिखर त्याच्याच हद्दीवर. गणपतीच्या सुमारास भंडारदऱ्याहून रतनवाडी, साम्रदकडं निघालात, की उतारच्या उतार सोनकीनं पिवळे झालेले दिसतात. मधूनच तेरड्याचा गुलाबी पट्टा. तेरड्याचा रंग तीन दिवस खरा, पण एक फूल गळतं तोवर दुसरं उमललेलं असतं आणि उतार कितीतरी दिवस गुलाबीच राहतो.

सोनकी गाडीतूनही दिसते. खरी नवलाई मात्र कातळावर आहे, आणि ती पाहायला खाली बसावं लागतं. दोन बोटं माती, तीही पावसानं धुऊन निकस झालेली. तिथं सीतेची आसवं फुलतात. निळं-जांभळं, नखाएवढं फूल! या झाडाला खरी मुळंच नाहीत. ओल्या मातीत त्याच्या धाग्यांवर बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की दार आत उघडतं आणि तो पाण्याबरोबर ओढला जातो. मातीत न मिळणारं नत्र असं मिळवायचं. शेजारी गेंदाची पांढरी बोंडं आणि कवळ्याची पिवळी फुलं.

डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांना ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. भारंगीच्या फुलांची भाजी होते, चाईच्या मोहराची होते. कारवीच्या काठ्यांचा कुड शेणामातीनं लिंपून भिंती उभ्या राहतात. ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते.

कातळावरची बरीचशी झाडं एका पावसाळ्याचीच सोबती. बी धरण्याआधी तुडवली गेली, तर पुढच्या वर्षी उगवायचं कशातून? फोटोसाठी फुलांत लोळणारी माणसं पाहिली की जीव तुटतो. कृपा करून मळलेली वाट सोडू नका, आणि गावातला वाटाड्या बरोबर घ्या.

सोनकी ऑक्टोबरातही भेटेल. सीतेच्या आसवांसाठी मात्र सप्टेंबर संपायच्या आत निघा, शक्यतो रविवार टाळून.