कळसूबाईला जायचं तर

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या अकरा जणी कळसूबाईच्या डोंगरावर जाऊन आलो. तेव्हापासून आजूबाजूच्या गटांतल्या बाया विचारतात, आम्हाला जमेल का, काय काय लागतं, घरच्यांना काय सांगितलंत. तेव्हा आज सगळ्यांना एकदमच सांगते.

कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. ते अकोले तालुक्यात येतं, पण आम्हा सिन्नरकडच्या लोकांना घोटीवरून जाणं सोयीचं. घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलं की बारी गाव येतं. तिथून चढायचं. चढाची सवय असलेले तीन तासांत वर पोचतात. आम्हाला पाच लागले, आणि त्याचं आम्हाला काही वाईट वाटलं नाही.

खरा चढ मात्र घरातच होता. नवरात्रात तिथं देवीची जत्रा भरते, तेव्हा जायचं म्हटलं असतं तर कोणी अडवलं नसतं. देवाला जाते म्हटलं की बाईला सोडतात. आम्ही निघालो पौषात. ना जत्रा, ना नवस. त्यात कांद्याची लागण चालू, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार. प्रत्येकीच्या घरी एकच प्रश्न, "तिथं काम काय तुमचं?" काही जणी म्हणाल्या, देवदर्शन म्हणून सांगू या. मी म्हटलं, खोटं कशाला? फिरायला जातोय असंच सांगा. दोघींना त्यावरून नाही ऐकावं लागलं, त्या आल्या नाहीत. एकीच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा गं, मला गुडघ्यांनी जाता येत नाही, तू बघून ये आणि मला सांग." असंही घर असतं.

आणि ज्या देवीच्या डोंगरावर जायचं, तिची गोष्ट तरी काय आहे? कळसू ही कोळ्याची पोर. तिला रानात हिंडायची आवड. डोंगराच्या पायथ्याच्या गावात ती एका घरी कामाला राहिली, ती अट घालून: झाडलोट करणार नाही आणि भांडी घासणार नाही. बाकीचं काम नीट करायची. एक दिवस घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला लावलीच. तिनं घासली, आणि तडक डोंगर चढून गेली. परत खाली आली नाही. जिथं तिनं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही ही गोष्ट लिहून ठेवली आहे. महादेव कोळी समाजातली कितीतरी घरं तिला कुलदेवी मानतात. जीपमध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे भांडी घासायला नाही म्हणाली, म्हणून देवी झाली. आणि आपण आदल्या रात्री घरादाराच्या भाकऱ्या थापून निघालो!" सगळ्या हसल्या. पण माझ्या मनात ते राहिलं. पुढच्या वेळी आपापल्या शिदोरीपुरतंच करायचं, असं तिथंच ठरलं. घरची माणसं एक दिवस आपलं करून खातील.

आता तयारीचं. थंडीत दिवस लहान असतो. सातच्या सुमारास उजाडतं आणि सहाला सूर्य बुडतो. म्हणून पहाटे साडेतीनला जीप निघाली आणि पुरतं फटफटायच्या आत आम्ही बारीत होतो. एक नियम आधीच केला होता. दुपारी एक वाजता जिथं असू तिथून मागं फिरायचं, शिखर हाताच्या अंतरावर दिसत असलं तरी. अंधारात त्या शिड्या उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसरं म्हणजे गावातले दोन वाटाडे घेतले. वाट मळलेली आहे, एक पुरला असता असं पुष्कळ जणी म्हणाल्या. दोन का हवेत ते पुढं कळेलच.

अंगात स्वेटर हवा, पण वरून काढता येईल असा. अर्ध्या तासात घाम फुटतो, आणि घामेजलेल्या अंगाला वरचा वारा लागला की हुडहुडी भरते. पायात बूट हवेत, साधे कापडी चालतील, पण तळवा गुळगुळीत झालेला नको. चपला घालून मुरमावर पाय घसरतो. साडीचं म्हणाल तर शिड्यांवर निऱ्या पायात येतात. दोघींनी सरळ काष्टा घातला, त्यांचं सगळ्यात बरं चाललं. बाकीच्यांनी पंजाबी ड्रेस घातला होता. शिदोरीला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि तिळाचे लाडू. प्रत्येकीजवळ दोन-दोन लिटर पाणी. शिखराच्या थोडं खाली विहीर आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये.

आणि एक गोष्ट, जी आपण मोठ्यानं बोलत नाही. वाटेत लघवीला जायची सोय नाही, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. मग डोकं धरतं, चक्कर येते. आम्ही ठरवलं होतं, थोडं थोडं पाणी पीत राहायचं, आणि जिला जायचं असेल तिच्यासाठी दोघींनी चादर धरायची. काही अडलं नाही.

पहिला तास शेतांच्या बांधांवरून. नंतर खडकात खोदलेल्या पायऱ्या, मग लोखंडी शिड्या. सकाळी दवानं त्या शिड्या इतक्या गार असतात की हाताला चटका बसावा तसं होतं. शिडीवर एका वेळी एकच बाई चढायची, पहिली वर पोचली की दुसरीनं पाय ठेवायचा. सगळ्यात हळू चालणारीला पुढं ठेवलं, म्हणजे तिच्या मागं कोणी धावत नाही.

पहिल्या शिडीपाशी आमच्यातली एक बसली. वय जेमतेम बत्तीस, शेतात सगळ्यांच्या पुढं असणारी. दम सगळ्यांनाच लागला होता, पण बाकीच्यांचा पाच मिनिटांत बसला. हिची धाप दहा मिनिटं झाली तरी बसेना, छातीत धडधड, ओठ पांढरे. म्हणायला लागली, "मी येणार, एवढं भांडून आले घरून." डोळ्यांत पाणी. कोणालाच तिला परत जा म्हणवेना. शेवटी वाटाड्याच म्हणाला, "ताई, डोंगर इथंच राहणार आहे." तिच्यासोबत एक जण आणि एक वाटाड्या खाली गेले. दुसरा आमच्याजवळ राहिला. दोन वाटाडे हवेत ते याच्यासाठी.

आम्ही नऊ जणी पावणेबाराला वर पोचलो. वर इवलंसं देऊळ आणि थोडीशी सपाट जागा, बस्स. वारा असा की पदर धरून उभं राहावं लागतं. पण काय दिसतं म्हणून सांगू! अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले समोर ओळीनं उभे. दुसऱ्या बाजूला खाली भंडारदऱ्याचं पाणी पसरलेलं. प्रवरा नदीवरचं हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. आमच्यातल्या एकीचं माहेर श्रीरामपूरकडचं. तिला सांगितलं, तुमच्या उसाला येणारं कालव्याचं पाणी ते बघ. ती कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "लहानपणी वाटायचं, पाणी कालव्यातच जन्मतं."

खाणं झाल्यावर कागद, पिशव्या सगळं परत पिशवीत भरलं. हा अभयारण्याचा भाग आहे, आणि माकडं प्लास्टिक खातात. पाऊण वाजता उतरायला लागलो. उतार सोपा असतो असं समजू नका. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. हातात काठी हवीच, आणि शिडी उतरताना तोंड शिडीकडे करून उतरायचं. साडेचारला बारीत आलो तेव्हा आमची मैत्रीण एका घराच्या ओट्यावर बसून चहा पीत होती, पण चेहरा उतरलेला.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन रक्त तपासायला गेलो. हिमोग्लोबिन ८.२. बाईचं निदान १२ तरी असावं लागतं. दोन वर्षं ती म्हणत होती, कामाचा शीण आहे. शेतात आपण दमलो की वाकून हात कमरेवर ठेवतो आणि परत कामाला लागतो, कोणी विचारत नाही. चढावर ते लपलं नाही. मग आम्ही अकराही जणींनी तपासून घेतलं. आणखी तिघींचं १२ च्या खाली निघालं, आणि त्यातल्या दोघी तर वर जाऊन आल्या होत्या! डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळ्याबरोबर चालते. पोटात मळमळलं तरी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

म्हणून तुम्ही जाणार असाल तर महिनाभर आधी सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. आणि रोज संध्याकाळी गावाबाहेर तासभर चाला, एखादी टेकडी असेल तर उत्तम. आम्ही आता चालतोच आहोत. ती पण येते, सध्या हळू चालते. पुढच्या मार्गशीर्षात परत जायचं ठरलंय, कांद्याची लागण सुरू व्हायच्या आत.