धडधड थांबल्यावर डॉक्टरांना दाखवायचं काय?

आजचा विषय घरातल्या लहान भावा-बहिणींचा. पोरगं टीव्ही बघत बसलेलं असतं आणि एकदम म्हणतं, "दादा, छातीत धडधडतंय." पाच-दहा मिनिटांत सगळं शांत. म्हसवडहून साताऱ्याला पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. चोवीस तासांचा होल्टर लावावा, तर नेमकं त्या दिवशी काहीच होत नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले असला बग चांगला ओळखतो. आपण बघायला बसलो की तो येतच नाही. मग घडलं त्या क्षणाचा लॉगच कामाला येतो.

हा लॉग घड्याळ देईल का? स्वस्त स्मार्टवॉच हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताचा चढ-उतार बघतं आणि ठोक्यांचा अंदाज सांगतं. पट्टा सैल असला, हात हलला, की आकडा चुकतो. ईसीजीवालं घड्याळ हृदयाचे विद्युत संकेत 30 सेकंद नोंदवतं. डॉक्टरांना ती नोंद जास्त उपयोगी. पण ॲपलने स्वतःचं ईसीजी ॲप 22 वर्षं आणि पुढच्यांसाठीच ठेवलंय. त्यामुळे लहान मुलाच्या हातावर घड्याळ "सगळं ठीक" म्हणालं, तरी तो निकाल धरू नका. पीडीएफ डॉक्टरांना वाचू द्या.

नुसता आकडाही फसवतो. शर्यतीत पळणाऱ्या माणदेशी पोराचे ठोके 190 झाले, तर नवल नाही. तेच 190 टीव्हीसमोर बसून झाले, तर दाखवायलाच हवं.

घड्याळ नसलं तरी अडत नाही. मनगटावर बोटं ठेवून 15 सेकंद ठोके मोजा, 4 ने गुणा. मोजता येणार नाहीत इतके जोरात असतील, तर तसं लिहा. मोबाईलवर व्हिडिओ काढा. किती वाजता, काय करताना, एकदम सुरू झालं की हळूहळू, थांबलं कसं, हेही लिहा. एकदम सुरू आणि एकदम बंद, ही बऱ्याचदा एसव्हीटीची खूण असते. त्यावर चांगले उपचार आहेत.

पळताना धडधड झाली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर नोंदी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर. पोरगं शुद्धीवर येत नसेल, तर लगेच 108.

आणि 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि सरकारी शाळांत 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत तपासतात. पथक आलं की तुमची नोंद त्यांच्यासमोर ठेवा.