मायनिंगला नेट किती लागतं?

परवा एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. नुकतीच बारावी झालीये त्याची. म्हणतो, "दादा, सेकंडहँड अँटमायनर एस१९ मिळतंय. घरी ४० एमबीपीएसचं वायफाय आहे. ३०० चा प्लॅन घेतला तर बिटकॉइन जास्त निघतील का? बाबांना कसंबसं तयार केलंय."

भावा, नाही निघणार. एक रुपयाही जास्त नाही.

मायनिंग म्हटलं की आपल्याला वाटतं, नेटवरून काहीतरी खेचायचंय, डाउनलोडसारखं. तसं नाहीये. मशीन आकडे बदलून बदलून अंदाज लावत बसतं, एस१९ असेल तर सेकंदाला साधारण ९५ लाख कोटी वेळा. हे सगळं डब्याच्या आतच चालतं. नेटवरून पूल फक्त सांगतो, 'हे घे काम', आणि मशीन मधूनमधून कळवतं, 'हे बघ, एवढं झालं'. ज्या ब्लॉक हेडरवर ही झटापट चालते तो अवघा ८० बाइट्सचा! आत्याचा गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्या हजारपट जड असतो. माझ्या हिशोबाने एका मशीनला दिवसाला १०-२० एमबी पुरतात. दोन-चार रील्स समजा.

मग पिंगचं काय? पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. जगात कुणीतरी नवा ब्लॉक शोधला की आपलं हातातलं काम शिळं होतं, आणि नवं काम येईपर्यंतची मेहनत वाया जाते. पण ब्लॉक येतो सरासरी १० मिनिटांनी. निरोप ३०० मिलिसेकंद उशिरा आला तरी नुकसान ०.०५ टक्के. गेमिंगमध्ये ३०० पिंग म्हणजे मेलात, इथे कुणाला कळतही नाही.

खरं नुकसान नेट तुटल्यावर होतं. रोज तासभर लाइन गेली तर ४ टक्के कमाई गेली. म्हणून स्पीडपेक्षा न तुटणारी लाइन बघ. आणि या मशीनला वायफाय नसतंच बरं का, मागे लॅनची केबल लावावी लागते. राउटरपासून खोलीपर्यंत वायर कशी न्यायची, ते आधी ठरव.

हां, बिटकॉइनचा पूर्ण नोड घरी चालवायचा असेल तर गोष्ट वेगळी. तो सगळा इतिहास उतरवतो, ६०० जीबीच्या पुढे, आणि नंतर महिन्याला २०० जीबी किंवा जास्त अपलोड करू शकतो. पण पूलमध्ये मायनिंग करायला नोड लागत नाही.

आता बाबांना सांगितलंयस का माहीत नाही, पण विजेचं सांग. हे मशीन सुमारे ३,२५० वॅट खातं, म्हणजे दीड गिझर, रात्रंदिवस चालू. दिवसाला ७८ युनिट. हिशोबासाठी युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला २३,४०० रुपये! वर आवाज इतका की शेजारच्या खोलीत झोप लागायची नाही. लाइट गेल्यावर राउटर छोट्या बॅकअपवर चालेल, हे मशीन घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालणार नाही. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागचं बक्षीसही निम्मं होऊन ३.१२५ बिटकॉइनवर आलंय, आणि ते सगळ्या पूलमध्ये वाटलं जातं.

आणि टॅक्स. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के. मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च त्यातून वजा होत नाही, हे सरकारने २०२२ मध्येच संसदेत सांगितलंय. मला स्वतःला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम आहे.

तेव्हा आगाऊ रक्कम द्यायच्या आधी घरचं लाइटबिल काढ, त्यात २,३४० युनिट मिळव, आणि वरच्या स्लॅबच्या दराने हिशोब करून बाबांना दाखव. काय म्हणाले ते पुढच्या व्हॉइस नोटमध्ये कळव. ३०० चा प्लॅन, घरात चौघं एकदम व्हिडिओ बघत असाल तर घे.

चला, भेटू पुढच्या भागात.