बुडालेलं माहेर

आज आम्ही नेवासे तालुक्यातल्या बचत गटाच्या नऊ जणी तुमच्याशी बोलतोय. बोलायचं आहे एका प्रवासाबद्दल. निघालो होतो पैठणला, नाथांच्या दर्शनाला, आणि वाकडी वाट करून पोचलो एका माहेरी. ते माहेर पन्नास वर्षांपूर्वी पाण्यात गेलेलं होतं.

आमच्यातल्या एकीची आत्या आहे. आता ती सगळ्या गटाचीच आत्या झाली आहे. वय अठ्ठ्याहत्तर. तिचं माहेर शेवगाव तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत आणि गोष्ट सगळ्यांची सारखीच आहे. जायकवाडी धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हातून धरणाचं उद्घाटन झालं. धरण बांधलं पैठणला, पण नाव राहिलं बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीचं, कारण आधी ते तिकडे व्हायचं ठरलं होतं. त्या नाथसागराखाली मराठवाड्याची गावं गेली तशी आपल्या शेवगाव-नेवाशाचीही गेली. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. भंडारदरा १९२६ सालचं, मग राहुरीकडचं मुळा धरण. ज्याच्या शेताला पाणी मिळालं तो धरणाचं नाव काढतो. ज्याचं गाव गेलं तो गप्प बसतो.

२०२३ साली पाऊस तुटका झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात नाथसागर तळाला गेला. आत्याच्या कानावर आलं की जुनी पांढर उघडी पडली आहे. तेव्हापासून तिचं एकच सुरू झालं, "मला एकदा उंबरा दाखवा." पोरांना वेळ नव्हता. शेवटी गटाच्या बैठकीत विषय निघाला. पैठणला जायचं बरेच दिवस मनात होतंच.

आता तिकिटाचं सांगतो, कारण पुष्कळ जणींचं अडतं तिथेच. मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरच्या पुढच्यांना काहीच लागत नाही. मात्र वयाचा पुरावा जवळ ठेवा. आमच्याबरोबरची एक आजी आत्याहून चांगली तीन-चार वर्षांनी मोठी आहे, पण आधार काढताना कुणीतरी अंदाजाने साल टाकलं. कार्डावर ती एकाहत्तरची आहे. तिला अर्धं तिकीट काढावं लागलं. आत्या दिवसभर तिला "अगं पोरी" म्हणत होती.

शेवगावहून पैठणच्या गाडीत बसलो आणि मधेच फाट्यावर उतरलो. तिथून नवं गावठाण. सरळ रस्ते, एका ओळीत घरं. आत्याचा भाचा बरोबर आला. गाळात एकटं जाऊ नये, हे आम्ही आवर्जून सांगतो. वरून जमीन वाळून भेगाळलेली दिसते आणि खाली पाय गुडघ्यापर्यंत जातो. गाळपेर करणारी माणसं रोज तिथे असतात, वाट त्यांनाच ठाऊक. लहान पोरं तर नेऊच नका. आणि सकाळी लवकर जा, तिथे झाड नाही की आडोसा नाही.

गाव म्हणजे काय उरलं होतं? दगडांच्या रांगा. घरांची जोती. एक बुजलेला आड. पाराचे चार चिरे. लाकूड, पत्रे, चौकटी लोकांनी उठतानाच काढून नेल्या होत्या, देवही नव्या जागी नेले. आम्हाला सगळे दगड सारखेच दिसत होते. आत्या मात्र काठी टेकत चालली, "ही कुंभारांची, ही आमच्या भावकीची, इथून बोळ, बोळातून नदीला वाट." एका जोत्यापाशी थांबून म्हणाली, हेच माझं घर. भाचा म्हणाला, नाही, वडील ते पलीकडचं दाखवायचे. आत्या खाली वाकली, हाताने गाळ उकरला. दगडात कोरलेलं उखळ निघालं. काठाला टवका उडालेलं. तो टवका तिच्याच हातून मुसळ निसटून उडाला होता आणि त्यापायी आईचा मार खाल्ला होता. भाचा काही बोलला नाही.

उठायच्या आधीच्या पंचमीला ती शेवटची माहेरी आली होती. लिंबाला झोका होता. पुढच्या पंचमीला गाव नव्हतं.

त्या उखळापाशी बसूनच तिने आम्हाला दुसरी गोष्ट सांगितली. मोबदला आला तेव्हा दोन्ही भावांत वाटणीवरून फाटलं. एक नव्या गावठाणात राहिला, दुसरा सासुरवाडीजवळ गेला. आत्याला कुणी विचारलं नाही. एका कागदावर अंगठा घेतला, तो कशाचा होता ते तिला आजवर माहीत नाही. तेव्हा वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मापासूनचा हक्क नव्हता. तो आपल्या राज्यात १९९४ साली आणि सगळ्या देशात २००५ साली आला. आमच्यातल्या तिघींनी गेल्या काही वर्षांत माहेरी जाऊन हक्कसोडीवर सही केली आहे, साडीचोळी घेऊन. त्या दोन दगडांवर गप्प बसून राहिल्या. सही करायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीला बरोबर न्या, एवढं आम्ही म्हणू.

मग आत्या हटून बसली की दोन्ही भावांच्या घरी जायचं. पैठण राहिलं तरी चालेल. भाच्याच्या घरी आम्ही आधी फोन केला होता आणि भाकरी-ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. दहा-अकरा बायका अचानक दारात उभ्या राहिल्या तर त्या घरच्या सुनेने काय करावं? तीही दिवसभर कांद्यात राबून आलेली. तिला आम्ही फक्त पाणी मागितलं. तिने तरी पिठलं टाकलंच.

दुसऱ्या भावाचं घर तिथून एका गाडीच्या अंतरावर. भाऊ वारलेले, भावजय आहे. तिने आत्याला ओळखलं, पण "या" म्हणायला वेळ लावला. आम्ही अंगणात उभ्या. मग तिने आतून सतरंजी आणली. चहा झाला. जुन्या वाटणीचं कुणी काढलं नाही. आत्याने पदराच्या गाठीतून गाळाने माखलेला एक खडा काढला आणि भावजयीच्या हातात दिला, "आपल्या उखळापासचा आहे." भावजय तो हातात धरून बसली. ती त्या घरात नवरी म्हणून आली होती, तिचंही पहिलं दळणकांडण तिथेच झालेलं. मग दोघी बोलायला लागल्या ते थांबेचनात. बोळात कोण राहायचं, कुणाची म्हैस नदीत वाहून गेली, कोणत्या बाळंतिणीला कुणी कसं सांभाळलं. आमच्यातल्या एकीने मागच्या वहीच्या पानावर घरांची रांग काढायला घेतली. एक घर दोघींनाही आठवेना, ती जागा मोकळी ठेवली.

निघताना भावजयीने तांदूळ आणि खण आणला, पण हात मागे घेतला. दोघीही विधवा. मग आम्हीच पुढे झालो आणि दोघींची ओटी भरली. कुणी काही म्हटलं नाही. सून कुंकवाचा करंडा घेऊन आली.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, चहात साखर कमी होती.

पैठणला दिवेलागणीला पोचलो. दर्शन झालं, शेवटची गाडी थोडक्यात मिळाली. वही आता गटाच्या दप्तरात आहे. गेल्या आठवड्यात भावजयीचा फोन आला होता, ते मोकळं घर तिला आठवलंय.