धाब्याचा कठडा



मानवी जीविताचे पावित्र्य, तेही ख्रिस्ती दृष्टीने, असा विषय चालकांनी आम्हांस दिला तेव्हा तो एखाद्या पाद्रीसाहेबांकडे सोपवावा असे आम्ही सुचवून पाहिले. चालक म्हणाले, पाद्रीसाहेब दर रविवारी बोलतातच. यंदा कामगारांतला ख्रिस्ती माणूस बोलू द्या. तेव्हा शाळेत जे शिकलो नाही ते आम्हांस विचारू नका. पवित्र शास्त्र आम्ही वाचले ते गेटसभा आणि तडजोडीच्या बैठका यांच्या मधल्या वेळात, आणि त्याच कामाच्या अंगाने आज बोलणार आहोत.

पाया सर्वांना ठाऊक आहे. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, असे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. राजा नव्हे, याजक नव्हे, मनुष्य. म्हणून मनुष्याचा जीव घेणे हा देवाच्या प्रतिमेवर घातलेला घाव ठरतो. येथवर सगळे माना डोलावतात. पुढे चर्चा निघते ती गर्भपाताची, आत्महत्येची, फाशीची. या प्रश्नांना आम्ही हलके लेखत नाही. फाशीची शिक्षा ग्राह्य नाही असा बदल पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात केला, हे पाऊल मोठेच होते. पण ज्यांना कोणी मारले नाही आणि तरीही जे मेले, त्यांचे काय?

जुन्या करारात अनुवाद नावाचे पुस्तक आहे. त्याच्या बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे : नवे घर बांधलेस तर धाब्याला कठडा कर; कोणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. पॅलेस्टाइनमधील घरे आपल्या सोलापूर-नगरकडच्या धाब्याच्या घरांसारखीच. वर वाळवण घालायचे, उन्हाळ्यात निजायचे. रहाबेने हेर लपविले तेही धाब्यावर वाळत घातलेल्या जवसाच्या काड्यांखाली. अशा ठिकाणी पाय घसरणारच. आणि नियम काय म्हणतो पाहा. कोणी ढकलले का, पडणारा बेसावध होता का, यांपैकी एकही प्रश्न त्यात नाही. ज्याने बांधले त्याने कठडा केला होता का, एवढेच विचारले आहे. शिवाय नियम माणूस पडण्यापूर्वीचा आहे!

मग आम्ही शोधू लागलो आणि असे नियम सापडतच गेले. बैल मारका आहे हे ठाऊक असून, समज मिळूनही, मालकाने तो मोकळा सोडला आणि त्याने माणूस मारला, तर निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाप्रमाणे जबाबदारी मालकाच्या जिवावर येते. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण तो जीवच गहाण घेणे होय. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आमचे काही मित्र म्हणतात, धर्माने पोटाच्या प्रश्नात पडू नये. त्यांनी हे अध्याय एकदा वाचावेत.

आणि प्रभू येशू? लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, असे प्रभू विचारतात आणि स्वतःच नाही म्हणतात. पुढे ते ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतात. अपघाताच्या किती चौकश्यांत आम्ही बसलो आहोत. अहवालाचे पहिले वाक्य बहुधा मृताच्या निष्काळजीपणाचेच असते.

आता आमच्याच घरातले उणे सांगतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड ख्रिस्ती देश होता, देवळे भरत होती, आणि त्याच देशातून जादा माल भरलेली, मोडकळीस आलेली जहाजे समुद्रावर जात होती. जहाज बुडाले तर मालकाला विम्याचे पैसे मिळत. खलाशाने करारावर सही करून मग जायचे नाकारले तर त्याला तुरुंग. सॅम्युअल प्लिमसॉल हा कोळशाचा व्यापारी आणि पार्लमेंटचा सभासद, निष्ठावंत ख्रिस्ती. त्याने १८७३ साली खलाशांवर पुस्तक लिहिले. १८७५ साली सरकार विधेयक पुढे ढकलते आहे असे दिसताच भर सभागृहात सभासदांना दुर्जन म्हणून मोकळा झाला. पुढे माफी मागितली, पण १८७६ साली कायदा झाला. गंमत अशी की जहाजावर भाररेषा काढणे सक्तीचे झाले, पण ती कोठे काढायची हे मालकाच्याच मर्जीवर राहिले. ते सुधारायला १८९० चे दशक उजाडले. आज मुंबई बंदरात मालवाहू जहाज पाहाल तर कुशीवर एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ दिसेल. आम्ही तिला समुद्रावरचा कठडा म्हणतो.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जीविताविरुद्धच्या अपराधांची जी यादी दिली तीत खून, गर्भपात, गुलामगिरी यांच्याबरोबरच माणसाला नफ्याचे हत्यार बनविणारी कामाची अवस्थाही बसविली. एकाच यादीत, हे ध्यानात घ्या.

हे सारे मालकांना सुनवायला सोपे आहे. म्हणून आमचीही एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यात पत्र्याच्या छपरावर दुरुस्तीला चढलेला पोरगा पत्रा फुटून खाली पडला आणि गेला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची रीत अशी होती, की मृताच्या पगाराचा हिस्सा घ्यायचा आणि वयाच्या आकड्याने गुणायचा. आम्ही तो गुणाकार केला, भांडून वर आणखी रक्कम मिळवली आणि विजयी मुद्रेने त्याच्या आईकडे गेलो. तिने कागद हातात धरला. वाचता येत नव्हते. म्हणाली, ‘‘दादा, त्या छपराला आता काही लावलंय का? दुसऱ्याचं लेकरू चढंल न्हवं.’’

करारात तसे कलम नव्हते. आम्ही ते मागितलेच नव्हते.

पुढच्या मागणीपत्रकात छपरावर चालायला फळ्या, कडेला कठडे आणि कमरेला दोर ही मागणी घातली. बैठकीत व्यवस्थापक म्हणाले, बोनस की कठडे, एक काय ते सांगा. आम्ही सभासदांची सभा घेतली. हात वर झाले ते बोनससाठी. सावकाराचे देणे होते, मुलांच्या फिया होत्या. त्यांना दोष कसा द्यावा? पण आम्ही व्यासपीठावर होतो, बाविसावा अध्याय पाठ होता, आणि एक शब्द बोललो नाही.

कठडे बसले ते त्यानंतर दोन वर्षांनी. त्या सभेत मात्र आम्ही हात मोजले नाहीत. आधी ती बाई काय म्हणाली ते सांगितले.