गोळी घेत नाही, म्हणून कोर्टाचा हुकूम मिळतो का?

घोडेगावला कोर्ट आहे, म्हणून गटाच्या बैठकीत आम्हाला हमखास विचारलं जातं : "जाऊबाई घरीच असतात, पण मानसिक आजाराची गोळी घेत नाहीत. कोर्टातून हुकूम आणता येईल का?"

नाही येत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९९९ पासून तसा कायदा आहे. घरी राहणाऱ्या आजारी माणसाला उपचार घ्यायचा हुकूम तिथले न्यायाधीश देतात. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तसा हुकूमच नाही. घरात गोडीनंच घ्यावं लागतं, आणि ते फार दमवणारं काम आहे हे आम्हाला ठाऊक आहे.

रुग्णालयात ठेवायचं म्हटलं तर नियम वेगळे. जिवाला गंभीर धोका असेल आणि बाईला स्वतःचा निर्णय घेता येत नसेल, तर तिच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, तिच्या मर्जीविरुद्ध ३० दिवसांपर्यंत भरती करता येते. बाई असेल तर रुग्णालयानं ३ दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. या मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे असतात. भरती चुकीची वाटली तर त्यांच्याकडे दाद मागता येते. नुसतं नवऱ्यानं सांगितलं म्हणून बायकोला ठेवून घेता येत नाही.

हा प्रतिनिधी कोण, हे बाईनं स्वतः ठरवायचं. बरी असताना साध्या कागदावर नाव लिहायचं, सही नाहीतर अंगठा करायचा. नवराच हवा असं नाही. बहीण चालते, गटातली मैत्रीणही चालते. फक्त तिची लेखी संमती हवी.

आणि साखळी? गोठ्यात, पडवीत माणूस बांधून ठेवायला कायद्यानं बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, त्यात साखळीनं बांधलेली २८ माणसं गेली. घरात कुणा आजारी माणसाचे हाल होत असतील तर शेजारीणसुद्धा पोलिसांना कळवू शकते. पोलिसांनी ते मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं. मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी त्या माणसाला १० दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवायला सांगू शकतात. लोक म्हणतील, दुसऱ्याच्या घरात कशाला पडता? म्हणू देत.

वकील लागला तर बाईला तो फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीत विचारा, नाहीतर १५१०० ला फोन करा. आजाराबद्दल बोलायचं असेल तर टेली मानसचा नंबर १४४१६. तोही फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.